सिंहनगरीचीं नांवें

(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय एका दूरच्या शहराचीं नांवें हा आहे. परंतु त्याचा आरंभ मला माझ्या स्वतःच्या एका चुकीनें केला पाहिजे. शिक्षकाचा पेशा पतकरला कीं दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईनें दाखविण्याची संवय जडते. स्वतःची चूक दाखविण्याचा प्रसंग बहुधा सेवानिवृत्तीनंतरच येतो, आणि तें कांहीं अंशीं सोयीचेंच म्हणावयाचें!

मी शाळेंत इतिहास आणि भूगोल शिकवीत असतां एकदां मुलांना पहिल्या महायुद्धाचा नकाशा भरावयास दिला होता. एका मुलानें पूर्व युरोपांत एक टिंब देऊन त्यापुढें 'लेंबर्ग' असें लिहिलें. भिंतीवरील नकाशांत त्या जागीं 'ल्वोव' असें छापलेलें होतें. लेंबर्ग नांवाचें शहर पृथ्वीच्या पाठीवर नाहीं, असें सांगून मीं त्याचा एक गुण कापला. दुसऱ्या दिवशीं तो मुलगा आपल्या आजोबांचा, पुठ्ठा निसटलेला जुना नकाशासंग्रह घेऊन आला. त्यांत त्याच जागीं लेंबर्ग हेंच नांव होतें. मीं म्हटलें, "अरे, हा नकाशा फार जुना आहे." तो म्हणाला, "पण गुरुजी, युद्धहि जुनेंच आहे ना?" ह्यावर मजजवळ उत्तर नव्हतें. गुणहि मीं परत दिला नाहीं.

हा प्रसंग मी विसरूनहि गेलों होतों. पुढें २०२२ च्या फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर आक्रमण केलें, तेव्हां वर्तमानपत्रांत 'ल्वीव' हें नांव रोज येऊं लागलें. लक्षावधि बायकामुलें पोलंडच्या सीमेकडे जातांना ह्या शहरांतून पुढें जात होतीं. नातीनें विचारलें, "आजोबा, हें ल्वीव कोठें आलें?" मीं नकाशा उघडला, आणि पाहतों तों तेंच टिंब! ज्या शहराचें अस्तित्वच मीं एका मुलाच्या तोंडावर नाकारलें होतें, तेंच शहर तिसरें नांव घेऊन माझ्यापुढें उभें होतें. त्या दिवसापासून ह्या नांवांचा मागोवा मीं घेतला. त्याचा सारांश आज आपणांपुढें ठेवितों.

ल्वीव हें युक्रेनच्या पश्चिम भागांत, पोलंडच्या सीमेपासून सुमारें ७० किलोमीटरांवर आहे. तेराव्या शतकाच्या मध्यास हालिच प्रांताचा राजा दानिलो ह्यानें हें नगर वसविलें आणि आपला पुत्र लेव ह्याचें नांव त्यास दिलें. ह्या नगराचा पहिला लेखी उल्लेख सांपडतो तो १२५६ सालच्या हकिकतींत, आणि तोहि एका आगीच्या संबंधानें! खोल्म नांवाचें दुसरें एक नगर पेटलें असतां त्या ज्वाळांचा उजेड ल्वीवहून दिसला, असें बखरकारानें लिहून ठेविलें आहे. दुसऱ्याच्या घराची आग पाहतांना प्रथम ज्याचें नांव घेतलें गेलें, त्या नगरावर पुढें स्वतःच्या घरचीं निखारे पाहण्याची वेळ वारंवार आली.

आतां हें नांव थोडें उकलून पाहूं. 'लेव' हें राजपुत्राचें नांव. पण त्या भाषेंत त्याचा अर्थ सिंह असाहि होतो. म्हणून शहराच्या चिन्हावर सिंह, नगरभवनाच्या दाराशीं दगडी सिंह, आणि लॅटिन लेखांतून शहराचें नांव 'लेओपोलिस', म्हणजे सिंहनगरी. ल्वीव, ल्वोव आणि ल्वूफ हीं जीं तीन नांवें आपण ऐकतों, तीं वरवर निरनिराळीं दिसलीं तरी मुळांत एकच आहेत. तिन्हींचा अर्थ 'लेवाचें नगर' एवढाच. त्यांतील स्वर मूळचा 'ओ' होता. रशियन भाषेनें तो तसाच ठेविला, म्हणून ल्वोव. पोलिश भाषेंत त्याचा 'ऊ' झाला आणि शेवटचा 'व' 'फ'सारखा ऐकूं येऊं लागला, म्हणून ल्वूफ. युक्रेनियन भाषेंत त्याच जागीं 'ई' आला, म्हणून ल्वीव.

परंतु खरी मौज पुढेंच आहे. ह्या शब्दाला षष्ठीचा प्रत्यय लागला कीं युक्रेनियन मनुष्य 'ल्वोवा' म्हणतो, पोलिश मनुष्य 'ल्वोवा' म्हणतो, आणि रशियनहि तेंच म्हणतो! प्रत्यय लागतांच जुना 'ओ' तिघांच्याहि तोंडीं परत येतो. आपल्याकडे 'देऊळ' हा शब्द 'देवळांत' म्हणतांना बदलतो, 'पाऊस' हा 'पावसांत' म्हणतांना बदलतो, तशांतलाच हा प्रकार. ज्या एका स्वरासाठीं माणसांनीं एकमेकांचीं डोकीं फोडलीं, तो स्वर व्याकरणाच्या एका पायरीवर तिघांचाहि एकच असतो. भाषेला जें ठाऊक असतें तें ती बोलणाऱ्यांना पुष्कळदां ठाऊक नसतें.

राहिलें लेंबर्ग. मध्ययुगांत ह्या शहरांत जर्मन व्यापारी आणि कारागीर येऊन राहिले. त्यांनीं परकें नांव आपल्या जिभेला सोसेल असें वळवून घेतलें आणि त्यास 'बर्ग' म्हणजे डोंगर ही आपल्या ओळखीची शेपटी जोडली. शहराला लागून एक उंच टेकडी आहे व तिच्यावर जुना किल्ला होता, तेव्हां तें नांव शोभलेंहि. शहरांतील यहुदी लोक जी यिडिश भाषा बोलत, तींत त्याचेंच 'लेंबरिक' झालें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. शहराचीं नांवें राज्यकर्ते बदलतात, असें आपण म्हणतों. तें सर्वस्वीं खरें नाहीं. हीं सारीं नांवें कित्येक शतकें एकाच वेळीं, एकाच बाजारांत वापरलीं जात होतीं. पोलंडचा राजा तिसरा काझिमिर ह्यानें चवदाव्या शतकांत हें शहर जिंकलें आणि १३५६ सालीं त्यास स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याची सनद दिली. तेव्हांपासून व्यापार वाढला. आर्मेनियन आले, यहुदी आले, जर्मन व पोलिश आले, आणि मूळचे रुथेनियन, ज्यांना आज आपण युक्रेनियन म्हणतों, ते तर होतेच. चौकाभोंवतालच्या गल्ल्यांचीं नांवें आजहि ह्याची साक्ष देतात: एक आर्मेनियन गल्ली, एक रुथेनियनांची, एक जुनी यहुद्यांची. रोमन कॅथलिक, ग्रीक कॅथलिक आणि आर्मेनियन कॅथलिक अशा तीन पंथांचे तीन आर्चबिशप एकाच शहरांत नांदत. सकाळीं दूध घालणारी बाई ल्वीवला येई, तें दूध घेणारी गृहिणी ल्वूफमध्यें राही, तिचा कापडवाला लेंबरिकांत दुकान मांडी, आणि कचेरींतला साहेब लेंबर्गच्या शिक्क्यानें कागद काढी. चौघेंहि एकाच रस्त्यानें चालत!

आपणां मराठी माणसांना हें समजणें अवघड नाहीं. आपण बडोदें म्हणतों, तेथील गुजराती शेजारी वडोदरा म्हणतो, इंग्रजींत बरोडा असें लिहीत. मुंबईला हिंदी भाषिक बंबई म्हणत आले. ह्यांत कोणी कोणाचें शहर पळवून नेत नव्हता. राज्यकर्ता करतो काय, तर वापरांत असलेल्या नांवांपैकीं एक उचलतो आणि तें स्थानकाच्या पाटीवर, टपालाच्या शिक्क्यावर आणि शाळेच्या पुस्तकांत घालतो. बाकीचीं नांवें मग घरांत, देवळांत, पत्रांत आणि पाळण्यापाशीं राहतात. राज्यकर्ता नांव देतो थोडें, निवडतो फार.

१७७२ सालीं पोलंडची पहिली फाळणी झाली आणि हें शहर ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांत गेलें. तेथून १९१८ पर्यंत सरकारी जर्मन कागदांत तें लेंबर्ग होतें; गालिसिया प्रांताची ती राजधानी. १८६७ नंतर प्रांताला स्वायत्तता मिळून स्थानिक कारभार पोलिश भाषेंत चालूं लागला, तेव्हां व्हिएन्नाच्या दप्तरांत लेंबर्ग आणि नगरपालिकेच्या दप्तरांत ल्वूफ अशीं दोन नांवें सरकारनेंच सुखानें चालविलीं. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरांत जो राकेलचा दिवा असे, त्याच्या इतिहासांतहि ह्या शहराला स्थान आहे. येथील एका औषधी दुकानांत इग्नात्सी लुकासिएविच आणि यान झेह ह्यांनीं खनिज तेल शुद्ध केलें, आणि १८५३ सालीं येथल्याच रुग्णालयांत रात्रीची एक शस्त्रक्रिया त्या तेलाच्या दिव्याच्या उजेडांत पार पडली.

ह्यापुढचा काळ मात्र दिव्यांचा नव्हे, आगींचा आहे. अशी कल्पना करा कीं, १९०० सालीं ह्या शहरांत एक मुलगा जन्मला आणि त्यानें आपली गल्ली कधींच सोडली नाहीं. जन्मतः तो ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा प्रजाजन. चवदाव्या वर्षीं रशियन सैन्य आलें. पंधराव्या वर्षीं तें गेलें आणि ऑस्ट्रिया परत आला. अठराव्या वर्षीं, १९१८ च्या १ नोव्हेंबरला, तो झोपेंतून उठला तों नगरभवनावर युक्रेनियन निशाण होतें. तीन आठवडे रस्त्यारस्त्यांतून लढाई झाली आणि त्याच महिन्यांत शहर पोलंडच्या हातीं गेलें. त्याच दिवसांत यहुदी वस्तींत कत्तल व लुटालूट झाली, हेंहि सांगितलें पाहिजे. एकोणचाळिसाव्या वर्षीं सोव्हिएट सेना आली, एकेचाळिसाव्या वर्षीं हिटलरची, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षीं पुन्हां सोव्हिएट. तीस वर्षांत सात वेळां सत्ता पालटली! त्या मनुष्याचें घर तेंच, विहीर तीच, शेजारी मात्र दर खेपेला कमी झालेले.

रस्त्यांच्या पाट्याहि तशाच फिरल्या. शहराचा मुख्य रुंद रस्ता ऑस्ट्रियाच्या काळीं कार्ल लुडविग ह्या राजपुत्राच्या नांवाचा होता. पोलंडच्या काळीं तो पोलिश पलटणींच्या नांवाचा झाला. सोव्हिएट काळीं लेनिनचा. आणि १९९० सालीं लेनिनचा पुतळा उतरविला गेला, तेव्हां स्वातंत्र्याचा. ह्या रस्त्याच्या टोंकाशीं १९०० सालीं उघडलेलें भव्य नाट्यगृह आहे, आणि त्याच्या खालून पोल्त्वा नदी वाहते. शहर वाढलें तेव्हां ती बांधून काढून जमिनीखालीं घातली. वरच्या पाट्या इतक्या वेळां बदलल्या. खालच्या नदीचें नांव बदलण्याची कोणाला आठवण झाली नाहीं, कारण ती दिसत नव्हती.

आतां मी ह्या कथेच्या अत्यंत दुःखद भागाकडे येतों. १९३१ च्या पोलिश जनगणनेप्रमाणें शहराची वस्ती सुमारें ३,१२,००० होती. तींत निम्मे रोमन कॅथलिक, म्हणजे बहुतेक पोलिश. जवळजवळ एकतृतीयांश, सुमारें एक लाख, यहुदी. आणि शेंकडा सोळाच्या आसपास ग्रीक कॅथलिक, म्हणजे मुख्यतः युक्रेनियन. १९४१ ते १९४४ ह्या तीन वर्षांत नाझी सत्तेनें येथील यहुदी प्रथम कोंडवाड्यांत घातले, मग बेलझेत्सच्या मृत्युछावणीकडे आणि शहरालगतच्या यानोव्हस्का छावणींत नेऊन मारले. १५८२ सालीं बांधलेलें त्यांचें सुंदर प्रार्थनामंदिर उध्वस्त केलें. वांचले ते मूठभर. युद्ध संपतां संपतां सीमा पश्चिमेकडे सरकविण्यांत आली आणि शहरांतील एक लाखाहून अधिक पोलिश लोकांना आपलीं घरें सोडून पोलंडमध्यें जावें लागलें. त्यांपैकीं पुष्कळ जण ज्या शहरांत गेले, तें ब्रेस्लाउ. तेथील जर्मन हांकलले गेले होते आणि त्याचें नांव आतां व्रोत्स्वाफ झालें होतें. ल्वूफच्या चौकांतला नाटककार फ्रेद्रो ह्याचा पुतळाहि त्यांच्या मागोमाग गेला. १९५६ पासून तो व्रोत्स्वाफच्या चौकांत बसलेला आहे.

श्रोतेहो, म्हणून मला असें म्हणावयाचें आहे कीं, शहराच्या नांवाची पाटी बदलणें हा मोठा अपघात नव्हे. पाटी बदलली तरी जुनें नांव घेणारीं तोंडें राहतात तोंवर तें नांव जिवंत असतें. खरा घात होतो तो तीं तोंडेंच नाहींशीं होतात तेव्हां. लेंबरिक हें नांव कोणा सरकारनें हुकूम काढून रद्द केलें नाहीं. तें हांक मारणारे लोकच उरले नाहींत.

आणि येथें ह्या शहराच्या इतिहासांतला एक विलक्षण योग सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ह्याच शहराच्या विद्यापीठांत, थोड्या वर्षांच्या अंतरानें, दोन यहुदी तरुण कायदा शिकले: हर्श लाउटरपाख्ट आणि राफाएल लेमकिन. संबंध मानवसमूहच नष्ट करण्याच्या अपराधाला कायद्यांत नांवच नव्हतें. लेमकिननें १९४४ सालीं 'जेनोसाइड' हा शब्द घडविला. आपण त्यास वंशसंहार म्हणतों. लाउटरपाख्टच्या प्रयत्नानें 'मानवतेविरुद्ध अपराध' ही संज्ञा न्यूरेंबर्गच्या खटल्यांत आली. ज्या शहराला एकहि नांव निश्चित टिकविणें जमलें नाहीं, त्या शहरांत शिकलेल्या दोघांनीं जगाच्या दोन सर्वांत मोठ्या पातकांना नांवें दिलीं. नांव मिळालें म्हणून पातक थांबलें नाहीं, हें खरें. पण नांव नसलेल्या पातकाचा खटलाहि चालवितां येत नाहीं.

हें सर्व आपल्यापासून फार लांबचें वाटत असेल, तर आपल्या कोल्हापूरची एक गोष्ट सांगतों. १९४० आणि १९४१ सालीं सोव्हिएट सत्तेनें पूर्व पोलंडांतील हजारों कुटुंबें सैबेरियाकडे व कझाकस्तानकडे हद्दपार केलीं. त्यांत ल्वूफच्या परिसरांतलींहि होतीं. पुढें सुटका झाल्यावर तीं इराणमार्गें बाहेर पडलीं, आणि त्यांपैकीं सुमारें पांच हजार माणसें, बहुतेक स्त्रिया आणि मुलें, १९४३ ते १९४८ ह्या काळांत कोल्हापूरनजीक वळिवडें येथील छावणींत राहिलीं. तेथें त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होतें. युद्ध संपलें तेव्हां त्यांच्यापुढें प्रश्न उभा राहिला कीं आपलें गांव आहे, पण तें आपल्या देशांत नाहीं. कांहीं पोलंडला गेलीं. पुष्कळ इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि अमेरिकेकडे पांगलीं. पंचगंगेच्या कांठच्या लोकांनीं त्यांना गांवाचें नांव विचारलें असेल, तर त्यांनीं जें सांगितलें तें त्यानंतरच्या नकाशांत कोणास सांपडलें नसतें.

मग आपण ह्या शहराला म्हणावें तरी काय? माझ्या मतें ह्यास तीन साधे नियम आहेत. आजच्या शहराविषयीं बोलतांना, तेथें राहणारे लोक जें म्हणतात तें म्हणावें. १९९१ पासून तें स्वतंत्र युक्रेनचें शहर आहे, तेथील लोक त्यास ल्वीव म्हणतात. आपणहि ल्वीव म्हणावें. ल्वोव म्हणणें आज केवळ जुन्या संवयीचें नव्हे, तर बाहेरच्या एका सत्तेच्या कानानें ऐकण्याचें लक्षण होईल. इतिहासाविषयीं बोलतांना त्या त्या काळीं, त्या त्या माणसाच्या तोंडीं जें नांव होतें तें लिहावें, आणि शेजारीं आजचें द्यावें. तिसरा नियम अधिक महत्त्वाचा: एखादें नांव आज नकाशांत नसलें, तर 'असें शहर नाहीं' असें म्हणण्यापूर्वी, तें नांव घेणारे लोक कोठें गेले, हें विचारावें.

हा तिसरा नियम मला पुस्तकांनीं शिकविला नाहीं. आठव्या इयत्तेंतल्या एका मुलानें शिकविला. तो आतां चाळिशी ओलांडलेला गृहस्थ असेल. कोठें असेल, मला ठाऊक नाहीं. कदाचित् ह्या घटकेस नभोवाणी ऐकतहि असेल. तसें असेल तर त्यास एवढेंच सांगतों: बाळा, तुझें उत्तर बरोबर होतें. युद्ध जुनें होतें, म्हणून नांवहि जुनेंच पाहिजे होतें. तुझा तो एक गुण इतक्या वर्षांनीं, सर्वांच्या समक्ष, मी परत करीत आहें.